गादीच्या कडेला तुम्ही

आधी चपला काढा. तालमीत चपलेने येत नाहीत. दार मुद्दाम बुटके केलेले असते, तेव्हा वाकूनच आत या. कोनाड्यातल्या शेंदरी मारुतीला नमस्कार करा आणि हौद्याच्या कडेला पाय सोडून बसा. एक अट मात्र पाळायची. या सफरीत तुम्हाला सगळे दिसेल, सगळे ऐकू येईल, पुढे काय होणार हेही तुम्हाला ठाऊक असेल; पण तोंड उघडता येणार नाही. ही अट आत्ता किरकोळ वाटेल. हेलसिंकीला पोहोचल्यावर ती जड जाईल.

गोळेश्वर, १९३०चे दशक

हौद्यातली मूठभर माती उचलून बघा. ती शेतातल्या मातीसारखी नाही. चाळून घेतलेली आहे, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू रिचवलेले आहे. मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोट लावले की तो सुटतो. पाठीवर पडणाऱ्याला ती झेलते, खरचटलेल्याला औषधासारखी लागते. तिचा वास दिवसभर हातावरून जात नाही.

कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या कराडपासून हे गाव हाकेच्या अंतरावर. तो सडपातळ पोरगा दिसला? दादासाहेब जाधवांच्या पाच मुलांतला धाकटा. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे पोरगा पाच वर्षांचा झाला तेव्हाच लंगोट चढला. अंगावर मांस नाही, मान जाड नाही, बघून कोणी पैलवान म्हणणार नाही. नाव खाशाबा.

त्याच्या पायांकडे बघा. बाकीची पोरे एकमेकांच्या मानेवर हात टाकून रेड्यासारखी रेटत राहतात. हा एका जागी थांबतच नाही. समोरच्याने जोर लावला की हा बाजूला सरकतो, आणि त्याचाच जोर वापरून त्याला ओढून घेतो. मग ढाक लागते. गडी कवेत येतो, कमरेवर चढतो आणि दुसऱ्या क्षणी उताणा पडतो. पुढे ढाक म्हणजे खाशाबा असे समीकरण होईल.

आता हौद्याभोवती बघा. कडेला माणसेच माणसे. म्हातारे वस्ताद आहेत, शेतावरून परस्पर आलेले गडी आहेत, दूध घालायला निघालेली पोरे आहेत. प्रत्येकाला कुस्ती कळते आणि प्रत्येकाला मत आहे. पकड चुकली की चार जण एकदम ओरडतात. जत्रेच्या फडात कोणी लबाडी केली तर पंच बोलायच्या आत अख्खे मैदान बोलते. मातीवरच्या कुस्तीला घड्याळ नाही की गुण नाहीत. पाठ मातीला लागली की निकाल लागला, आणि तो पाच हजार माणसांना एकाच वेळी दिसतो. या पोराने आजवर पाहिलेला न्याय हा असा आहे. तो उघड्यावर होतो आणि आपल्या माणसांच्या साक्षीने होतो. हे ध्यानात ठेवा.

कोल्हापूर, स्वातंत्र्याच्या आसपास

कराडच्या टिळक हायस्कुलातले शिक्षण आटोपून तो आता कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात आला आहे. १९४२च्या चळवळीत भूमिगतांचे निरोप पोचवणे, त्यांना आसरा देणे ही कामेही त्याच्या हातून झालेली आहेत.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पेठ. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, पेठापेठांत तालमी पोसल्या, पैलवानाला दरबारात मान दिला. सकाळी कुठल्याही गल्लीतून जा, जोर-बैठकांचे हुंकार ऐकू येतील. थंडाई घोटणाऱ्या मोठ्या दगडी कुंड्या दिसतील. इथे पैलवानाची किंमत छातीवरून होते. ढाण्या वाघासारखा गडी फडात उतरला की लोक फेटे उडवतात.

अशा गावात आपला खाशाबा दिसायला कोणाच्याच खिजगणतीत नाही. कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत नाव द्यायला गेला तेव्हा त्याची अंगकाठी बघून त्याला नकार मिळाला, असे सांगतात. दुसरा कोणी असता तर खोलीवर परत गेला असता. हा थेट प्राचार्यांकडे गेला. त्यांनी परवानगी दिली, आणि मैदानात याने आपल्याहून दांडग्या गड्यांना उताणे पाडले.

याचे हे वळण तुम्ही आत्ताच टिपून घ्या. अन्याय झाला की तो कुढत बसत नाही, भांडतही नाही. वरच्या माणसाकडे जाऊन सांगतो, मला एकदा लढू द्या, मग काय ते ठरवा. हे जमायला वर कोणी ऐकणारा असावा लागतो आणि त्याच्यापर्यंत पोचता यावे लागते. कोल्हापुरात दोन्ही आहेत. प्राचार्यांचे दार कॉलेजच्याच आवारात आहे.

लंडन, १९४८

बाबूराव बलावडे यांच्यासारख्यांच्या हाताखाली घडलेला हा गडी आता साता समुद्रापार निघाला आहे. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला आहे. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आले आहे. तिरंग्याखाली भारताचा चमू पहिल्यांदाच ऑलिंपिकला आला आहे.

लंडन अजून युद्धातून सावरलेले नाही. बॉम्बने पडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा तशाच आहेत. जिन्नस रेशनवर मिळतात. खेळाडूंसाठी नवे गाव वगैरे काही बांधलेले नाही, बराकी आणि वसतिगृहे यांतच सोय आहे. घरी दूध, तूप, बदाम, मटण या खुराकावर वाढलेल्या पैलवानाने इथे काय खावे हा प्रश्नच आहे.

अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये चला. आत शिरताच तुमचे पाय अडखळतील. हौदा नाही, माती नाही, मारुतीही नाही. उजेडाच्या झोतात मधोमध गादी पसरलेली. जवळ जाऊन तिच्यावर तळहात दाबा. वरचे कापड ताणून बसवलेले आहे, खाली भरीव मऊपणा. माती पायाच्या बोटांना धरून ठेवते. ही गादी पाय परत फेकते. अनवाणी, लंगोटावर लढलेल्या माणसाला इथे अंगात घट्ट पोशाख आणि पायात बूट घालायचे आहेत. मातीत घाम जिरतो, पकड बसते. इथे घामाने अंग निसरडे होते आणि हात सुटतो.

नियमही परके आहेत. घड्याळ चालू असते. पंच शिट्टी मारतात. चीतपट झाली नाही तर तीन पंचांच्या कौलावर निकाल. दोघांपैकी कोण वरचढ होता हे मैदानाने नाही, त्या तिघांनी ठरवायचे. आणि त्यांनी काय पाहिले हे तुम्हाला कळेलच असे नाही.

तरीही बघा, पोरगा बुजलेला नाही. ५२ किलोच्या म्हणजे फ्लायवेट गटात तो उतरला आहे. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्याने मिनिटांत झोपवले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले. त्याच्या तयारीमागे रीस गार्डनर नावाचे प्रशिक्षक आहेत. त्यांनी या पोराची चपळाई हेरली, तिला गादीची शिस्त लावली. मातीवर शिकलेले पाय गादीवर कसे चालवायचे हे दाखवणारा माणूस मिळाल्यावर एवढ्या थोड्या दिवसांत एवढा फरक पडतो, हे तुम्ही इथे डोळ्यांनी बघत आहात.

इराणच्या मन्सूर रईसीशी मात्र तो हरला. अखेर सहावा आला. गादीवर जेमतेम पाय ठेवलेल्या माणसासाठी जगात सहावा नंबर ही थट्टा नव्हे. पण त्या वर्षी देशाच्या तोंडी एकच गोष्ट होती. हॉकीच्या संघाने वेम्बलीवर ब्रिटनला ४-० असे लोळवून सुवर्ण आणले होते. कालपर्यंत राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच अंगणात हरवल्यावर सहाव्या नंबरची आठवण कोणाला राहणार? खाशाबांनी मात्र ती ठेवली. आपल्याला काय येत नाही याची यादी घेऊन ते परत आले.

मद्रास, १९५२

चार वर्षे गेली. आता ते ५७ किलोच्या बॅन्टमवेट गटात आहेत. गादीचा सराव अंगवळणी पडला आहे. हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी निवड व्हायची आहे आणि राष्ट्रीय स्पर्धा मद्रासला आहेत.

इथे तुम्हाला पहिल्यांदा जीभ चावावी लागेल. समोर निरंजन दास हा कलकत्त्याचा पैलवान. कुस्ती संपते, पंचांचे कागद गोळा होतात, आणि खाशाबा एका गुणाने मागे असल्याचे जाहीर होते. पक्षपात झाला असे खाशाबांचे ठाम म्हणणे आहे. मातीवरच्या फडात असे घडले असते तर लोक हौद्यात उतरले असते. इथे कोण उतरणार? मद्रासच्या प्रेक्षकांत गोळेश्वरचा एकही माणूस नाही. कागदावर एक आकडा पडला आणि चार वर्षांची मेहनत त्याच्याखाली गेली.

पण तुम्ही कोल्हापुरात टिपून ठेवलेले वळण इथे कामाला येते. खाशाबा वरच्या दाराकडे जातात. पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंह हे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष, आणि कुस्तीचे दर्दी. त्यांच्यापुढे मागणी एवढीच की पुन्हा लढवून बघा. महाराजांनी मान्य केले. दोघांची जोड पुन्हा लागली आणि खाशाबांनी निरंजन दासला सरळ चीत केले. गुण मोजायची वेळच येऊ दिली नाही.

वादाला जागाच उरू नये असा निकाल लावायचा, हा मातीवरचा शहाणपणा. पण थांबा आणि विचार करा. पतियाळाच्या महाराजांना कुस्तीची आवड नसती तर? त्यांच्यापर्यंत अर्ज पोचलाच नसता तर? स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचा जीव एका संस्थानिकाच्या मर्जीवर टांगलेला होता. ती मर्जी चांगली निघाली हे आपले नशीब. पण ती एक मर्जी होती. व्यवस्था म्हणावी असे त्यात काही नव्हते.

कराड आणि कोल्हापूर, त्याच उन्हाळ्यात

निवड झाली. आता पैसे.

१९४८ला राजाश्रय होता. आता संस्थाने विलीन झाली आहेत, तो आधार गेला आहे आणि नव्या सरकारची या बाबतीतली घडी अजून बसलेली नाही. मुंबई सरकारकडे ४,००० रुपयांची मागणी केली, तिचा उपयोग झाला नाही. तुम्ही खाशाबांबरोबर कराडच्या पेठेतून फिरा. दुकानदाराने गल्ल्यातून काढून दिलेल्या नोटा, गोळेश्वरच्या लोकांनी गोळा केलेली वर्गणी, कोणाचे पाच, कोणाचे दहा. ही खेड्यातली माणसे आहेत. हेलसिंकी कुठे आहे हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. दादासाहेबांचा पोरगा कुस्तीला चालला आहे एवढे पुरेसे आहे.

वर्गणीची बेरीज पुरत नाही. मग कोल्हापुरात एक गोष्ट घडते, आणि ती बघायला तुम्ही थोडे जवळ या. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर आपले राहते घर गहाण टाकतात आणि ७,००० रुपये उभे करतात. स्वतःच्या पोराच्या शिक्षणासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी घर गहाण टाकणारे पुष्कळ असतात. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी टाकणारा हा एकच. घर सुटले नाही तर काय, हा प्रश्न त्यांच्याही मनात आला असणार. तरी सही झाली.

ऑलिंपिकची अट तेव्हा कडक होती, खेळाडू हौशी पाहिजे. खेळाच्या जिवावर पैसा मिळवणारा चालत नाही. ही अट जपण्यासाठी आयुष्य घालवणारे एव्हरी ब्रंडेज हे याच उन्हाळ्यात हेलसिंकीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. युरोप-अमेरिकेच्या खात्यापित्या घरांत ही अट शोभत असेल. कराडच्या शेतकऱ्याच्या मुलाने हौशी राहायचे तर त्याच्या हौसेसाठी दुसऱ्या कोणाला तरी घर गहाण टाकावे लागते. हे त्या समितीच्या कुठल्याही कागदावर लिहिलेले नाही.

हेलसिंकी, जुलै १९५२

रात्र झाली असे तुम्हाला वाटतच नाही. जुलैत इथे दहा वाजले तरी आकाशात उजेड असतो आणि झोपेचे गणित बिघडते. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला आला आहे. त्याच्या खेळाडूंचा मुक्काम वेगळ्या वस्तीत. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकचे नाव. २० तारखेला तो १०,००० मीटर जिंकतो, आणि आठवड्याभरात ५,००० मीटर व मॅरेथॉनही खिशात घालेल.

तुमची वाट मात्र स्टेडियमकडे जात नाही. टोलो भागातल्या मेस्सुहाल्ली या प्रदर्शनाच्या दालनात कुस्त्या आहेत. आत या. एकाच वेळी वेगवेगळ्या गाद्यांवर जोड्या लागलेल्या. शिट्ट्या, कर्णे, पाच-सहा भाषांतला कल्ला. प्रत्येक गादीच्या कडेला माणसांचा घोळका आहे. कोणाच्या खांद्यावर टॉवेल, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या हातात कागद. प्रशिक्षक ओरडतात, व्यवस्थापक पंचांच्या टेबलाशी जाऊन काही विचारतात आणि परत येतात. परदेशात कुस्ती ही दोघांत होत नाही. ती दोन चमूंत होते, आणि त्यातला एकेकच गादीवर असतो.

स्पर्धेची रीत समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. बाद पद्धत नाही. इथे प्रत्येक कुस्तीनंतर तुमच्या नावावर दोषगुण चढतात. चीत करून जिंकलात तर शून्य. पंचांच्या कौलावर जिंकलात तर एक. हरलात तर तीन, आणि तीन पंचांपैकी एकाने तरी तुमच्या बाजूने कौल दिला असेल तर दोन. पाच दोषगुण झाले की बाहेर. म्हणून इथे पैलवानाला अंगाइतकेच डोके चालवावे लागते: कोणती कुस्ती चीत करून जिंकायची, कुठे दम राखायचा, पुढची जोड कोणाशी आणि किती वेळाने. हा हिशेब पैलवानाने करायचा नसतो, त्याच्या बाजूच्या माणसाने करायचा असतो.

खाशाबा गादीवर येतात. वय २६. कॅनडाच्या पोलिक्वँला हरवतात. मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवतात. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवतात. तुमचे हात आपोआप फेटा शोधू लागतील. बघा कसे लढतात. लंडनमध्ये गादी पाय फेकत होती, इथे त्यांनी गादीला आपलेसे केले आहे. वेग तोच, पण आता त्याला मोजमाप आले आहे. समोरचा पुढे येईपर्यंत वाट बघतात, आणि तो आला की झडप घालून त्याला उचलतात. शेजारच्या गटात कोल्हापूरचेच केशव माणगावे लढत आहेत. तेही चौथ्या क्रमांकापर्यंत जातील. एकाच मुलखाच्या मातीने दोन पैलवान जगातल्या पहिल्या चारांत आणले आहेत, आणि हे इथे दालनात कोणालाही ठाऊक नाही.

२३ जुलै. शेवटचे तिघे उरले आहेत. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद ममादबेयोव आणि खाशाबा. तिघांपैकी कोणाचेही सुवर्ण होऊ शकते.

इशीशी झालेली झुंज लांबत गेली. तो हलका, लवचिक, खाली घुसणारा गडी. पट काढायला जावे तर निसटतो, ढाक लावायला जावे तर अंगाला अंग लागू देत नाही. जवळ सरका. खाशाबांच्या छातीचा भाता बघा. घामाने पोशाख काळा पडला आहे. दंडावर पकडीचे लाल पट्टे उठले आहेत. मातीवर असते तर दोन मुठी माती अंगाला फासून हात कोरडे केले असते. इथे ती सोय नाही. कौल इशीच्या बाजूने गेला.

ममादबेयोवशी कुस्तीही लागोपाठच. दोन कुस्त्यांमध्ये निदान ३० मिनिटांची विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम आहे. नियम छापलेला आहे, सगळ्यांना लागू आहे, मागितला तर मिळतो. तो मागायला पंचांच्या टेबलाशी कोणीतरी गेले पाहिजे. आता गादीच्या कडेला बघा. सोव्हिएत बाजूला माणसांची भिंत उभी आहे. आपल्या बाजूला एकही भारतीय अधिकारी नाही.

आता तुम्हाला ती सुरुवातीची अट आठवेल. तुम्ही चार पावलांवर आहात. नियम तुम्हाला तोंडपाठ आहे. टेबलापर्यंत जाऊन घड्याळाकडे बोट दाखवायचे आहे, फार तर दोन वाक्ये बोलायची आहेत. तोंडातून शब्द फुटत नाही. खाशाबांचीही तीच गत. कोल्हापुरात प्राचार्य होते, मद्रासनंतर पतियाळाचे महाराज होते. दाद मागायची तर इथे कोणाचे दार आहे? दमलेला पैलवान घाम पुसतो आणि गादीवर जातो. ताज्या दमाच्या ममादबेयोवने संधी दवडली नाही.

इशी सुवर्ण, ममादबेयोव रौप्य, खाशाबा कांस्य.

अर्धा तास मिळाला असता तर रंग बदलला असता का, हा वाद कट्ट्यावर आजही रंगतो. इशी आणि ममादबेयोव दोघेही अव्वल होते, त्यांच्या पदकात खोट काढायचे कारण नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. घर गहाण टाकून ज्याला जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवले, त्याच्या बाजूने दोन वाक्ये बोलायला आपण माणूस उभा केला नाही. लढण्याचे काम खाशाबांचे होते, ते त्यांनी चोख केले. बोलण्याचे काम दुसऱ्यांचे होते.

आणि दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला ६-१ हरवले. त्यातले पाच गोल बलबीर सिंग यांचे. पुन्हा सुवर्ण. वर्तमानपत्रांतल्या मोठ्या मथळ्यांचे धनी हॉकीवालेच ठरले.

पुन्हा कराड

देशाने काय केले ते सोडा, गावाने काय केले ते बघा. वेशीवर १५१ बैलगाड्या उभ्या आहेत, असे गाव सांगते. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. ढोल, हलगी, लेझीम. वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंतची वाट एरवी पंधरा मिनिटांची. त्या दिवशी तिला सात तास लागले. तुम्ही गर्दीत घुसा, आता ओरडायला हरकत नाही; या गलबल्यात कोणाला ऐकू येणार आहे?

मिरवणूक संपल्यावरही थोडे थांबा, कारण खरा माणूस नंतर दिसतो. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून आधी खर्डेकर सरांचे घर सोडवले. हौशीपणाच्या कुठल्याही पुस्तकी व्याख्येपेक्षा हा हिशेब मोठा आहे. घेतलेले उसने फेडायचे, तेही त्याच अंगमेहनतीने.

पुढची वर्षे भरभर बघून घ्या. १९५५ साली ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक झाले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकवले. २७ वर्षे नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि मग निवृत्तिवेतनासाठी खेटे घातले. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, पदकानंतर ४८ वर्षांनी आणि मृत्यूनंतर १६ वर्षांनी. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या दालनाला त्यांचे नाव दिले. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पद्म पुरस्कार मात्र आजवर नाही.

आता तुमच्या काळात

खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडले. अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकले. कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली सुशील कुमारने आणले. महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक पदक आले ते थेट २०२४ साली पॅरिसमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेमुळे, नेमबाजीत. मधे ७२ वर्षे. स्वप्निलच्या मागे दीपाली देशपांडे यांच्यासारख्या, स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षक होत्या. त्याच्या वाटेत काय येणार हे आधी अनुभवलेले माणूस त्याच्या बाजूला होते.

या ७२ वर्षांत आपल्याकडे ताकद नव्हती असे कोणी म्हणू नये. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या तालमी कधी ओस पडल्या नाहीत. कमी पडला तो कडेला उभा राहणारा जाणता माणूस: नियम वाचलेला, भाषा येणारा, टेबलावर हात आपटून आपल्या खेळाडूचा हक्क मागणारा. खाशाबांच्या पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. तुमच्या गावातली एखादी पोरगी किंवा पोरगा तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धेला निघेल तेव्हा वर्गणी द्याच, पण त्याबरोबर एक जण सोबत पाठवा आणि त्याला जाण्याआधी नियमांचे पुस्तक वाचायला लावा. तुमच्या तोंडाला आता कोणतीही अट नाही.